चित्रकाराचा मुलगा

कोल्हापूरला कलापूर म्हणण्याची रीत आहे. आबालाल रहिमानांपासून बाबूराव पेंटरांपर्यंत रंगरेषेची मोठी परंपरा ह्या गावाने डोळ्यांनी पाहिली आहे, आणि म्हणूनच एका चित्रकाराच्या मुलाची हकीकत येथे सांगावयास घेतली तर ती परकी वाटणार नाही, असा आमचा भरवसा आहे. हा चित्रकार मात्र इकडचा नव्हे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर स्कारबरो नावाचे गाव आहे; तेथे तो समुद्राची आणि गलबतांची जलरंगातील चित्रे काढी व मुलांना चित्रकला शिकवी. त्याचे नाव हेन्री बार्लो कार्टर. २२ मे १८३१ रोजी हल येथे त्याला मुलगा झाला, तेव्हा त्याने हौसेने त्या मुलाच्या नावात व्हॅन डाइक ह्या थोर चित्रकाराचे नाव गुंफले. बापाची हौस एका परीने फळाला आली. मुलाच्या हातात रेषा उतरली. पण ती त्याने समुद्रावर खर्च केली नाही. मेलेल्या माणसाच्या शरीरात स्नायू कोठून निघतो, रक्तवाहिनी कोणत्या हाडाच्या आडोशाने जाते आणि मज्जातंतूला फाटे कोठे फुटतात, हे त्याने काढले. पुढे तो आपल्या मुलखात आला आणि मुंबई-साताऱ्याकडे त्याने आयुष्याची ऐन उमेदीची तीस वर्षे काढली.

त्याचे नाव डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर. हे नाव ऐकून फारशा माना हलणार नाहीत, ह्याची आम्हांस कल्पना आहे. आमचा एक भाचा वैद्यकीचा विद्यार्थी आहे. त्याच्या मेजावर ‘ग्रेज ॲनाटमी’ हा ग्रंथ असतो. तो एका हाताने उचलण्याचे धाडस आम्ही एकदाच केले. ‘ह्यातली मूळ चित्रे कोणाची?’ असे त्याला विचारले, तेव्हा ‘ग्रेची’ असे उत्तर त्याने बिनदिक्कत दिले. पोराचा दोष नाही. ग्रंथाच्या नावानेच त्याला फसविले होते.

आपण कार्टरला एकेरीत संबोधणार आहोत, ते अनादराने नव्हे. तरुणपणी त्याने रोजनिशी लिहिली आणि ती लंडनच्या वेलकम ग्रंथालयात जपून ठेवलेली आहे. तिच्यातील जे उतारे प्रसिद्ध झाले आहेत ते वाचताना हा मनुष्य घरातल्या एखाद्या हळव्या, हिरमुसल्या, स्वतःवरच रागावणाऱ्या धाकट्या भावासारखा वाटू लागतो. आज अभ्यास कमी झाला, आज प्रार्थनेत मन लागले नाही, आज उगाच बोललो, अशा तक्रारी तो रोज स्वतःच्याच दरबारात नोंदवी. अशा माणसाला ‘अहो’ म्हणणे जड जाते.

१८४८ साली तो लंडनच्या सेंट जॉर्जेस इस्पितळात वैद्यक शिकावयास आला. तेथेच हेन्री ग्रे हा त्याच्याहून तीन-चार वर्षांनी मोठा, हुशार, महत्त्वाकांक्षी आणि कोणाशी कसे बोलावे हे नेमके जाणणारा शारीरशास्त्रज्ञ होता. ग्रेने प्लीहेवर एक प्रबंध लिहून ॲस्टली कूपर पारितोषिक मिळविले. ते ३०० पौंडांचे होते. त्या प्रबंधासाठी कार्टरने चित्रे काढली होती. पुस्तक १८५४ साली छापून निघाले, तेव्हा त्यात कार्टरच्या नावाचा उल्लेख नव्हता. येथेच शहाण्या माणसाने सावध व्हावयाचे. पण गरीब घरच्या शहाण्या माणसाला सावधपणा परवडतोच असे नाही. दरम्यान कार्टरने रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहालयात शिष्यवृत्तीवर काम केले. तेथे रिचर्ड ओवेन ह्याच्याकडे तुलनात्मक शारीरशास्त्र आणि जॉन क्वेकेट ह्याच्याकडे सूक्ष्मदर्शकाची विद्या तो शिकला. ही दुसरी विद्या ध्यानात ठेवावी. मुंबईस त्याला खरी साथ हिनेच दिली.

१८५५च्या अखेरीस ग्रेने त्याच्यापुढे नवा बेत मांडला. विद्यार्थ्यांना परवडेल, शस्त्रवैद्याला उपयोगी पडेल, असा शारीरशास्त्राचा एक नवा ग्रंथ काढावयाचा. मजकूर ग्रेचा, चित्रे कार्टरची, विच्छेदन दोघांनी मिळून करावयाचे. सुमारे दीड वर्ष दोघे इस्पितळाच्या शवागारात खपले. कार्टर कापलेले अवयव पाहून शिसपेन्सिलीने थेट लाकडी ठोकळ्यांवर चित्रे काढी. छापताना ती सुलटी यावीत म्हणून ठोकळ्यावर उलटी काढावी लागत. डावा हात उजवा करून काढावयाचा, तोही स्नायूंच्या धाग्यांसकट! मग कोरणारे कारागीर ठोकळा कोरीत. ह्या चित्रांतील आणखी एक युक्ती आज आपल्याला इतकी सवयीची झाली आहे की ती कोणाला सुचली असेल असे वाटतच नाही. तोवरच्या पुष्कळ ग्रंथांत अवयवांवर बारीक अक्षरे वा आकडे घालीत आणि त्यांचा अर्थ खाली किंवा पलीकडच्या पानावर देत. विद्यार्थ्याची निम्मी शक्ती शोधाशोधीत जाई. कार्टरने नाव त्या त्या अवयवावरच, त्याच्या वळणाने लिहून टाकले. नदीच्या नकाशात नदीचे नाव प्रवाहाबरोबर वळत जाते, तसे.

१८५८ साली ग्रंथ बाहेर पडला. ७५० पाने आणि ३६३ चित्रे. पैशाचा ठराव असा होता की ग्रेला दर हजार प्रतींमागे १५० पौंड मिळावेत आणि कार्टरला एकदाच १५० पौंड. पुढे ग्रंथ कितीही खपो. पण पैशापेक्षा बोचणारी गोष्ट वेगळी आहे. मुखपृष्ठाचे मुद्रित तपासणीसाठी ग्रेकडे आले, तेव्हा कार्टरचे नाव ग्रेच्या नावाइतक्याच ठळक टाइपात जुळविलेले होते आणि त्याखाली मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्राध्यापक हा त्याचा नवा हुद्दा होता. ग्रेने लेखणी घेऊन तो हुद्दा खोडला आणि नावाचा टाइप लहान करावयास सांगितले. ते मुद्रित टिकून राहिले आहे आणि इतिहासकार रूथ रिचर्डसन ह्यांनी ह्या ग्रंथाच्या जन्मकथेवर २००८ साली पुस्तक लिहिले त्यात ह्या खोडाखोडीची हकीकत आहे. दीडशे वर्षांनी एखाद्याची शाईची रेघ अशी पुढे येते! ग्रेची बाजूही सांगितली पाहिजे. तो दुष्ट नव्हता. लंडनच्या वैद्यकक्षेत्रात वर चढावयाचे तर नाव एकट्याचे दिसावे लागते, हे तो ओळखून होता. १८६१ साली देवी आलेल्या आपल्या पुतण्याची शुश्रूषा करता करता त्यालाही देवी आल्या आणि वयाच्या चौतिसाव्या वर्षी तो वारला. यश भोगण्यास त्याला तीनच वर्षे मिळाली.

नावाचा हा तंटा ग्रे आणि कार्टर ह्या दोघांपुरता मात्र नाही. त्या ३६३ चित्रांच्या मागे आणखी काही माणसे आहेत आणि त्यांच्या नावाचा टाइप लहानही नाही. तो जुळविलाच गेला नाही. इंग्लंडात १८३२ साली शारीरशास्त्राचा कायदा झाला; त्याने गरीबखान्यांत व इस्पितळांत मेलेल्या, ज्यांचे प्रेत न्यावयास कोणी आले नाही अशा माणसांची शरीरे विच्छेदनासाठी देण्याची सोय झाली. ज्यांना जिवंतपणी ओसरी मिळाली नाही, त्यांच्या हातापायांची चित्रे आज जगभरच्या डॉक्टरांच्या घरी आहेत.

मुंबईचा तो नवा हुद्दा आला कोठून? लंडनमध्ये पैसा आणि वशिला ह्यांवाचून मोठ्या इस्पितळात जागा मिळण्याची आशा नव्हती. कार्टरकडे दोन्ही नव्हते. त्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय नोकरीची परीक्षा दिली आणि १८५८च्या आरंभी तो मुंबईच्या वाटेला लागला. उत्तर हिंदुस्थानात बंडाची आग अजून विझली नव्हती. चित्रांच्या कमाईतून त्याने एक चांगला सूक्ष्मदर्शक विकत घेतला आणि तो बरोबर आणला. त्या १५० पौंडांचा जगाला झालेला उपयोग पाहिला, तर ह्या सौद्यात कोण फसले हे ठरविणे कठीण आहे.

मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले होते आणि सर जमशेटजी जीजीभाई इस्पितळ त्याला जोडलेले होते. पहिली तुकडी १८५१ साली बाहेर पडली, तीत डॉ. भाऊ दाजी लाड होते. अशा कॉलेजात शारीरशास्त्र आणि इंद्रियविज्ञान शिकविण्याचे काम कार्टरकडे आले. संसारात मात्र त्याला सुख लाभले नाही. १८५९ साली मुंबईत त्याने केलेले लग्न फसले आणि नवराबायकोच्या वाटा वेगळ्या झाल्या. धर्मभीरू मनाला हा घाव फार लागला असला पाहिजे. तेव्हापासून पुढली कित्येक वर्षे त्याच्या आयुष्यात कामाखेरीज दुसरे काही दिसत नाही.

काम मात्र समोर वाढून ठेवलेले होते. इस्पितळात शेतकरी येत, एक पाय सुजून नुसता गोळा झालेला. त्याला जागोजाग भोके पडलेली, त्यांतून पू झरे आणि पुवाबरोबर बारीक कण पडत. कोणाचे काळे, बंदुकीच्या दारूसारखे, तर कोणाचे फिकट, माशाच्या अंड्यांसारखे. दुखणे वर्षानुवर्षे चाले, हाडे पोखरली जात आणि शेवटी पाय कापण्यावाचून इलाज उरत नसे. मदुरेकडे हा रोग पुष्कळ आढळे म्हणून डॉक्टर त्याला मदुरेचा पाय म्हणत. कोणी म्हणे ही हाडाची क्षयी कीड, कोणी म्हणे गंडमाळेचा प्रकार. कार्टरने कापलेले पाय उभे चिरले, त्यांतील पोकळ्या आणि कण पाहिले, कण ठेचून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि त्यांत बुरशीचे तंतू पाहिले. १८६० साली मुंबईच्या वैद्यक मंडळाच्या नियतकालिकात त्याने ते जाहीर केले आणि रोगाला ‘मायसेटोमा’ म्हणजे बुरशीची गाठ असे नाव दिले. कोणताही जीवाणू कोणत्याही रोगाचे कारण म्हणून पक्का सिद्ध होण्यापूर्वीचे हे दिवस होते. कॉखचे अँथ्रॅक्सवरील काम १८७६चे. माणसाच्या अंगात एखादी वनस्पती मुळे धरते आणि त्यामुळे पाय कुजतो, असे १८६० साली म्हणावयास छाती लागते. कलकत्त्याच्या लुइस आणि कनिंगहॅम ह्या दोघा संशोधकांना ते पटले नाही; बुरशी मागाहून येते, रोगाचे कारण दुसरेच आहे, असे त्यांनी १८७५ साली लिहिले.

न्याय आज असा होतो. काळ्या कणांचा रोग बुरशीचा, ही कार्टरची गोष्ट खरी ठरली. फिकट कणांच्या पुष्कळशा रोग्यांत मात्र बुरशीसारखे धागे धरणारे जीवाणू असतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात कळले. त्यास दोन्ही प्रकारांत एकच कूळ दिसले, ही त्याची चूक. दोन्हींचे औषध वेगवेगळे असल्यामुळे ही चूक आज परवडणारी नाही. पण त्या काळी कोणत्याच प्रकाराला औषध नव्हते. अनवाणी पायात बाभळीचा काटा किंवा कूस मोडते, तिच्याबरोबर मातीतला जीव आत जातो, असा ह्या रोगाचा मार्ग आहे. म्हणजे रोगाचे खरे नाव विचाराल तर ‘पायात वहाण नाही’ असेच सांगावे लागेल, आणि चपलेसाठी नावाजलेल्या ह्या गावात ते अधिकच झोंबावे. जागतिक आरोग्य संघटनेने दुर्लक्षित रोगांच्या यादीत मायसेटोमाला घातले ते २०१६ साली. कार्टरच्या लेखाला तेव्हा १५६ वर्षे झाली होती.

१८६३ साली त्याची साताऱ्यास सिव्हिल सर्जन म्हणून बदली झाली. तुरुंगाची देखरेखही त्याच्याकडे होती. सातारचे राज्य खालसा होऊन तेव्हा पंधरा वर्षे लोटली होती. कॉलेज सुटले, संग्रहालय सुटले, चर्चेला माणूस नाही. दुसरा एखादा शिकारीत आणि पत्त्यांत बुडाला असता. कार्टर जवळजवळ नऊ वर्षे तेथे राहिला आणि कुष्ठरोगाच्या मागे लागला. त्या काळी आपल्याकडे ह्या रोगाला महारोग म्हणत, आणि ज्याला तो झाला त्याला गावाबाहेर जागा दाखवीत. कार्टरचे लक्ष विशेषतः मज्जातंतूंकडे गेले. कुष्ठाच्या रोग्याला चटका कळत नाही, बोटे झडतात. ही बधिरता कातडीची नव्हे, कातडीला जाणीव पुरविणाऱ्या मज्जातंतूची आहे, तो सुजून जाड होतो आणि मग निकामी होतो, हे त्याने विच्छेदनाने आणि चित्रांनी दाखविले. ह्या बाबतीत नॉर्वेचे डॅनियेल्सन आणि बोएक त्याच्या पुढे होते. पण हिंदुस्थानातील रोग्यांवर इतक्या बारकाईने पाहणारा तो आरंभीच्या दोघाचौघांतला. कोल्हापुराहून पुण्याकडे जाताना सातारचा रस्ता लागला की आम्हांस हा एकाकी डॉक्टर आठवतो. अजिंक्यताऱ्याखालच्या त्या गावात शहामृगासारखी मान खाली घालून सूक्ष्मदर्शकात पाहणाऱ्या ह्या साहेबाविषयी तेव्हाचे लोक काय बोलत असतील, हे ऐकावयास मिळाले असते तर!

त्याच सुमारास मुंबईत डॉ. भाऊ दाजीही कुष्ठरोगावर खटपट करीत होते. त्यांची वाट वेगळी. कडू कवठाच्या बियांचे तेल पूर्वापार वैद्यांच्या माहितीचे; त्या वाटेने रोग बरा होतो का, ते भाऊ दाजी पाहत होते आणि आपले औषध त्यांनी बरेच दिवस गुप्त ठेवले, म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली. १८७४ साली ते वारले. एकजण औषध शोधीत होता, दुसरा कारण. कारण सापडल्यावाचून औषधाचा भरवसा नाही हे खरे. पण कारण सांगणाऱ्या डॉक्टराच्या दारातून रोगी रिकाम्या हाताने परत जातो हेही तितकेच खरे. पुढे कित्येक दशके कडू कवठाच्या जातीचे तेलच जगभर कुष्ठावर वापरीत होते, हे भाऊ दाजींच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

१८७२ साली कार्टर लांब रजेवर युरोपात गेला. रजा म्हणजे विश्रांती ही कल्पना त्याला माहीत नसावी. ह्या रजेत मूतखड्यांची सूक्ष्मरचना (१८७३), मायसेटोमा (१८७४) आणि कुष्ठ व हत्तीरोग (१८७४) अशी त्याची पुस्तके निघाली; ह्यांतील चित्रेही त्याचीच, आणि आता मुखपृष्ठावरचे नावही पूर्ण टाइपात. १८७३ साली तो नॉर्वेत बेर्गेन येथे गेला. गेरहार्ड आर्मावर हॅन्सनने त्याच वर्षी फेब्रुवारीत कुष्ठाच्या गाठीत काड्यांसारखे जंतू पाहिले होते. कार्टर हॅन्सनला भेटला. कुष्ठ हा आनुवंशिक रोग आहे, संसर्गाचा नव्हे, असे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने १८६७च्या अहवालात सांगून टाकले होते आणि हिंदुस्थान सरकारला ते फार सोयीचे होते. संसर्गच नाही तर आश्रमांचा खर्च कशाला? नॉर्वेत मात्र रोग्यांना वेगळे ठेवण्याची व्यवस्था होती आणि रोग्यांची संख्या घटत होती. कार्टर परत आला तो अलगीकरणाचा पुरस्कर्ता होऊन. १८७६ साली त्याने काठेवाडातील कुष्ठाचा अहवाल लिहिला आणि आश्रम उभारा, असा धोशा सरकारामागे लावला.

येथे आम्ही त्याच्या बाजूने पूर्ण उभे राहू शकत नाही. रोग संसर्गाचा आहे हे त्याचे निदान बरोबर होते आणि त्याला कोणा रोग्याचा द्वेष होता असेही नाही. पण नॉर्वेतील रोग्याला मायबाप सरकार जेवू घाली. येथे काय होणार होते? १८९८ साली हिंदुस्थानात कुष्ठरोग्यांचा कायदा झाला. त्याचा रोख निराधार, भीक मागणाऱ्या रोग्यांवर होता. घरी बसून खाणाऱ्या श्रीमंत रोग्याला त्याने हात लावला नाही. म्हणजे शास्त्राने सांगितले ‘जंतू’, आणि कायद्याने ऐकले ‘भिकारी’. हा कायदा कार्टरने केलेला नाही, तो तर आदल्याच वर्षी वारला होता. परंतु त्याने पेरलेल्या विचाराला असे फळ आले. कुष्ठावर खात्रीची औषधे १९८०च्या दशकात सर्वत्र पोहोचू लागल्यावरही तो कायदा पुस्तकात राहिला आणि २०१६ साली एकदाचा रद्द झाला. जवळच मिरजेस रिचर्डसन कुष्ठरुग्णालय आहे. ज्यांनी अशा ठिकाणी रोग्यांची सेवा केली, त्यांना ही तफावत आमच्यापेक्षा चांगली सांगता येईल.

आता त्याच्या सर्वांत मोठ्या कामाकडे वळू. १८७६ आणि १८७७ साली पाऊस गेला. सोलापूर, सातारा, नगर, विजापूर, सगळे देशावरचे जिल्हे होरपळले. माणसे गुरे सोडून, दारे ओढून मुंबईच्या वाटेने निघाली. त्यांच्याबरोबर ताप आला. पाच-सात दिवस अंग भाजून निघे, मग एकाएकी घाम सुटून ताप उतरे आणि रोगी सुटलो म्हणून उठून बसे, तोच आठवड्याभरात ताप पुन्हा उलटे. कार्टर तेव्हा मुंबईच्या गोकुळदास तेजपाल इस्पितळात होता. बर्लिनच्या ओबरमायर नावाच्या तरुण डॉक्टराने अशाच तापाच्या रोग्यांच्या रक्तात मळसूत्रासारखे वळलेले, वळवळणारे धागे पाहिले होते; ते त्याने १८७३ साली प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी तो कॉलऱ्याने गेला. तोच धागा मुंबईच्या दुष्काळग्रस्ताच्या रक्तात आहे का? कार्टरने १८७७ साली रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि त्याला तो दिसला.

पाहणे एक आणि सिद्ध करणे दुसरे. ताप चढलेला असताना धागे आहेत, उतरल्यावर नाहीत, उलटला की पुन्हा आहेत. ह्याचे कोष्टक त्याने रोग्यामागून रोगी घेऊन मांडले. मग रोग्याचे रक्त माकडांना टोचले. माकडांना ताप आला आणि त्यांच्या रक्तात तेच धागे दिसले. त्यालाही ह्या तापाने गाठले. बिछान्यातून उठून तो पुन्हा कामावर गेला. १८८२ साली त्याचा ‘स्पायरिलम फीवर’ हा मोठा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने त्याला स्ट्युअर्ट पारितोषिक दिले. ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राचार्यपदही त्याच्याकडे आले होते. मुखपृष्ठावरून खोडलेल्या त्या हुद्द्याचा हिशेब मुंबईने असा व्याजासकट चुकता केला.

त्या ग्रंथाकडे आम्ही दुसऱ्या एका कारणासाठीही पाहतो. दुष्काळाचे अहवाल पुष्कळ आहेत. त्यांत धान्याचे भाव आहेत, कामावरच्या मजुरांचे आकडे आहेत. पण देशावरचा माणूस मुंबईला पोहोचला तेव्हा त्याच्या अंगात काय चालले होते, हे रोग्याच्या खाटेशी बसून दिवसादिवसाने टिपणारा कागद क्वचितच. तापाचा आलेख चढतो, उतरतो, उलटतो, आणि पुष्कळदा तेथेच तुटतो. लंडनच्या गरीबखान्यातील त्या शरीरांसारखीच ही शरीरे. फरक एवढाच की ही अजून जिवंत होती.

मुंबईतील अखेरच्या वर्षांत त्याने आणखी एक गोष्ट केली. लाव्हेरानने अल्जीरियात हिवतापाचा परोपजीवी १८८० साली रक्तात पाहिला होता; जगाचा त्यावर विश्वास बसेना. कार्टरने १८८७ साली मुंबईच्या रोग्यांत तो पाहिला. हिंदुस्थानात तो ओळखणारा पहिला डॉक्टर हाच. १८८८ साली तो निवृत्त होऊन स्कारबरोला परतला. १८९० साली राणीचा मानद शस्त्रवैद्य असा मान त्याला मिळाला आणि त्याच वर्षी, साठीला आलेला असताना, त्याने पुन्हा लग्न केले. उतारवयातला हा संसार गोड झाला असे म्हणतात. फार दिवसांचा मात्र झाला नाही. ४ मे १८९७ रोजी क्षयाने तो वारला. ह्याच रोगाने दहा वर्षांपूर्वी आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी गेल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील त्यांची नेमणूक कागदावरच राहिली. क्षयाचा जंतू कॉखने १८८२ सालीच दाखविला होता, आणि औषध यावयाला अजून साठ वर्षे अवकाश होता. कार्टरच्या मृत्यूनंतर साडेतीन महिन्यांनी, २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादेस रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा परोपजीवी सापडला.

उलटणाऱ्या तापाचा धागा माणसामाणसांत कसा पसरतो, हे कार्टरला अखेरपर्यंत उमगले नाही. ते उमगले नाशिकला, १९०७ साली. तेथील एका मिशनच्या वसतीत ह्या तापाची साथ आली. मॅकी नावाच्या डॉक्टराने पाहिले की मुलग्यांच्या बाजूला रोगी फार आणि मुलींच्या बाजूला थोडे. जागा एक, अन्न एक, पाणी एक. मग त्याने मुलांचे कपडे तपासले. मुलग्यांच्या कपड्यांत उवा बुजबुजल्या होत्या, मुलींच्या कपड्यांत कमी. आणि त्या उवांच्या पोटात तोच मळसूत्री धागा वळवळत होता. हिंदुस्थानातील ह्या जंतूला काही काळ कार्टरच्या नावाने ओळखीत. पुढे तो युरोपातल्या जंतूहून निराळा नाही असे ठरले आणि ते नावही पुस्तकांतून गेले. तीस वर्षांपूर्वी गोकुळदास तेजपाल इस्पितळात कार्टर ज्या दुष्काळी रोग्यांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेत होता, त्यांच्या अंगावर गावाहून निघताना घातलेला एकच कपडा होता, आणि तो हवे असलेले उत्तर त्या कपड्याच्या शिवणीत होते.